जुबेदा, सनाच्या फीबद्दल

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तू दुकानात मशीनवर बसली होतीस. अकराच्या सुमारास तू नवऱ्याला, सलीमभाऊंना, फोन केलास आणि छातीत दुखतं म्हणून सांगितलंस. त्यांनी तुला गाडीत घालून आधी वडशाच्या आणि मग गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. दुपारी तू गेलीस. मला फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नियतकालिकांचे गठ्ठे बांधत होते. हातातली सुतळी खाली ठेवली आणि निघाले.

आता तुझा चाळिसावा दिवसही होऊन गेला. रडायचं ते ज्याचं त्याने आपापल्या वेळी रडून घेतलं आहे. मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या माघारी एक प्रश्न उरला आहे, आणि त्यावर आपण दोघी इतकी वर्षं भांडलो की आता एकटीने त्याचं उत्तर देणं मला जमत नाही. चंद्रपूरच्या नर्सिंग कॉलेजात तुझ्या लेकीची, सनाची, दोन वर्षं झाली, दोन राहिली. त्या दोन वर्षांचे पैसे तू जमवून ठेवले आहेस. ते कुठे आहेत हे सलीमभाऊंना माहीत होतं. तिथेच का आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात ते माझ्या घरी आले. चप्पल न काढता दाराशीच उभे राहिले.

"प्रभाबाई, तो फंड का काय तो, मोडून टाकतो. सगळे पैसे घरी आणून ठेवतो."

"घरी कायले, भाऊ?"

"मले दिसले पायजेत."

त्यांचं चुकत नव्हतं. तुझ्यासारखं धडधाकट माणूस एका दुपारीत नाहीसं झाल्यावर न दिसणाऱ्या पैशांवर भरवसा कसा ठेवायचा? त्यांच्या मागे सना उभी होती. ती खाली बघत म्हणाली, "मावशी, मी कॉलेज सोडून देते. दुकानात बसते." सलीमभाऊंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पण नाही म्हटलं नाही. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे. म्हटलं, लिहूनच काढावं.

आपण दोघी एकाच बाकावर बसून बी.कॉम. झालो. अकाउंट्सच्या पेपरात तुला माझ्याहून जास्त मार्क होते, आणि हे तू मला कधी विसरू दिलं नाहीस. पुढे मी ग्रंथालयात लागले आणि तू तुझ्या अब्बांच्या मशीनवर बसलीस. वडशातल्या नाटक कंपन्यांचा कपडेपट तुमच्या दुकानात शिवला जायचा. राजाचे अंगरखे, पाटलाचे कोट, आणि नायिकेचे ते शिवलेले शालू, ज्यांना पाठीमागे हूक असतात, म्हणजे प्रवेश संपला की विंगेत एका झटक्यात उतरवता यावेत. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात, आणि तेवढ्याच दिवसांत वडशातल्या निम्म्या माणसांची वर्षभराची कमाई होते. तुझी तशीच होती. सलीमभाऊ एका कंपनीची गाडी चालवायचे, त्यांचीही तशीच.

कंपन्यांची रीत अशी की कपडे नेताना निम्मे पैसे द्यायचे आणि उरलेले होळीनंतर, हंगाम आटोपल्यावर. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये तुझ्या हातात एकदम बरीच रक्कम यायची, आणि जून ते सप्टेंबर काहीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तुला हे महागात पडलं होतं. एप्रिलमध्ये फ्रीज घेतला आणि ऑगस्टमध्ये त्यात ठेवायला काही नव्हतं, असं तू स्वतःच हसत सांगायचीस. त्यानंतर तू एक नियम केलास. होळीचे पैसे आले की आधी दिवाळीपर्यंतचा घरखर्च वेगळा काढायचा, आणि बाकीचं काय करायचं ते मग ठरवायचं. त्या वेगळ्या काढलेल्या पैशांना तू 'पावसाळा' म्हणायचीस.

"पुस्तकात याले आणीबाणीचा निधी म्हणते," मी एकदा सांगितलं. ग्रंथालयात पैशांच्या व्यवहारावरची पुस्तकं एका फळीवर होती आणि ती कुणीच नेत नसे, म्हणून मीच वाचत होते.

"पुस्तकातली आणीबाणी कधीमधी येत असन," तू सुईत दोरा ओवता ओवता म्हणालीस. "आमची दरसाल जूनमध्ये येते."

हा पावसाळा तू पोस्टातल्या बचत खात्यात ठेवायचीस. सोन्यात नाही, जमिनीत नाही, कुणाच्या धंद्यात नाही. सकाळी गेलं की त्याच दिवशी हातात आला पाहिजे, एवढीच तुझी अट होती. त्यावर जे थोडं व्याज जमा व्हायचं ते धर्माला मान्य नाही म्हणून तू आपलं मानत नव्हतीस. वर्षाकाठी तेवढी रक्कम काढून गरजवंताला देऊन टाकायचीस, आणि त्याचं पुण्यही आपल्या नावावर धरायचं नाही म्हणायचीस.

व्याजावरून आपलं पहिलं भांडण झालं. माझा पगार दर महिन्याला यायचा. मी त्यातले वाचलेले पैसे मुदत ठेवीत टाकायचे, मुदत संपली की पुन्हा टाकायचे आणि पावती कपाटात ठेवायचे. यापेक्षा वेगळं काही करायचं असतं, हे मला वाचून माहीत होतं, पण हात धजत नव्हता. एका दुपारी तू मला विचारलंस, "किती भेटते तुले त्याच्यावर?"

मी सांगितलं.

"आन् साटिन किती महाग झाली, मालूम हाय?" तू मागच्या फळीवरचा तागा खाली ओढलास. "तू पहिली पावती केली तवा तेवढ्यात असा पुरा तागा आला असता. आज व्याजासकट पैसे घेऊन ये, तरी तागाच भेटन. मंग कमावलं काय?"

"बुडाले तर नाही ना."

"बुडाले नाई, पण तिथंच राह्यले. मी व्याज घेत नाई, तू घेते, आन् दोघींची साटिन तेवढीच." तू इतकी खूश झालीस की पुढचे कित्येक दिवस मला पाहिलं की साटिनचा भाव सांगायचीस.

महागाईबद्दल मी तोवर बरंच वाचलं होतं. ती माझ्या कपाटातल्या पावत्यांशी जोडायचं मात्र मला सुचलं नव्हतं. त्या साली मी पहिल्यांदा पगारातली एक छोटी रक्कम शेअर बाजारातल्या फंडात टाकायला सुरुवात केली. निवृत्तीला वीस वर्षं होती, तेवढा वेळ माझ्याकडे होता.

तुझे स्वतःचे पैसे मात्र तू नाटकात लावायचीस.

पावसाळा बाजूला काढल्यावर जे उरायचं ते सनाचं, हे सना चौथीत असल्यापासून ठरलेलं होतं. शाळेच्या तपासणीला आलेल्या नर्सबाईंच्या हातात तिने रक्तदाब मोजायचं यंत्र पाहिलं आणि तेव्हापासून तिला तेच व्हायचं होतं. आणि सनाचे पैसे तू गावोगावच्या प्रयोगांमध्ये हिस्सा म्हणून टाकायचीस. गावचं मंडळ कंपनीकडून नाटक ठरवतं, मांडव घालतं, तिकिटं विकतं. मंडळाला पैसे कमी पडले की बाहेरचे हिस्सेदार घेतात. नफा झाला तर नफ्यात वाटा, तोटा झाला तर तोट्यात. तुझ्या मनाला हे पटत होतं, कारण यात व्याज नव्हतं. आणि पहिली काही वर्षं नफाच होत गेला. आपल्याकडे गावात नाटक असलं की घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, जावयांना बोलावणं जातं, आणि पाहुण्याला नाटक दाखवल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. तिकिटं खपतातच. कोणत्या कंपनीचं नाटक यंदा चालणार हे तुला दिवाळीआधीच कळायचं, कारण नट माप द्यायला तुझ्याच दुकानात यायचे आणि माप देताना माणूस बोलतो.

"मले समजते त्यातच टाकीन ना," तू म्हणायचीस. "समजत नाई त्यात टाकू?"

मग कुरखेड्याकडच्या त्या गावातला प्रयोग आला. सना सातवीत होती. त्या प्रयोगात तुझा एरवीपेक्षा मोठा हिस्सा होता, म्हणून तू मलाही बरोबर घेऊन गेलीस. जानेवारी होता. दुपारी तीनला मांडव तयार झाला होता, बैलगाड्या आणि मोटारसायकली येऊ लागल्या होत्या, घराघरांतून मसाल्याचा वास सुटला होता. चारला आभाळ भरून आलं. साडेचारला जो पाऊस लागला तो अंधार पडेपर्यंत. कनाती चिखलात बसल्या. मंडळाचा सेक्रेटरी शाळेच्या व्हरांड्यात आपल्याजवळ येऊन बसला आणि डोक्यावरचा ओला रुमाल पिळला. मग म्हणाला, "जुबेदाबाई, जेवून जा. घरी चाळीस पाव्हणे हायत, तुमी दोघी काय जड नाई."

आपण जेवलो. पाहुणेही जेवून आपापल्या गावी गेले. कंपनीला दिलेली निम्मी आगाऊ रक्कम परत येत नाही, ही रीत तुलाही माहीत होती.

दुसऱ्या दिवशी कपडेपटाच्या पेट्या उघडल्या. तांबड्या शालूचा रंग शिपायांच्या पांढऱ्या धोतरांना लागला होता. गावच्या खळ्यावर दोऱ्या बांधून तू सगळं वाळत घातलंस. मळणी झालेल्या धानाचं तणस एका बाजूला आणि वाऱ्यावर हलणारे अंगरखे दुसऱ्या बाजूला. तू लांब उभी राहून बघत होतीस.

"राजा आन् शिपाई एकाच दोरीवर," तू म्हणालीस. "दोघंबी ओले."

तुझा हिस्सा गेला होता. त्या कंपनीचे पुढचे चार प्रयोगही पावसाने रद्द झाले, म्हणून तुझं शिलाईचं उरलेलं बिल लांबलं, आणि सलीमभाऊंच्या गाडीच्या फेऱ्या कमी झाल्या. पावसाळा शिल्लक होता म्हणून घर चाललं. सनाच्या पैशांतला मोठा भाग मात्र गेला.

मी हळू विचार करते, तुला माहीत आहे. होळी झाल्यावर एकदा दुकानात बसले असताना मी तुला म्हटलं, "जुबे, तुयं काम नाटकाचं. भाऊची गाडी नाटकाची. पोरीचे पैसे बी नाटकातच. सगळं एकाच मांडवाखाली हाय."

"मले समजते म्हणून—"

"तुले नाटक समजते. पाऊस समजते का?"

तू मशीन थांबवलंस. माझ्याशी वादात मशीन थांबवायची वेळ तुझ्यावर सहसा येत नव्हती.

"मंग दुसरा मांडव कुठी हाय ते सांग," तू म्हणालीस.

मी फंड म्हणजे काय ते सांगायला लागले. खूप लोकांचे थोडे थोडे पैसे एकत्र करायचे आणि त्यातून बऱ्याच उद्योगांच्या कंपन्यांत थोडा थोडा वाटा घ्यायचा. एक बुडाली तरी बाकीच्या असतात.

"म्हणजे हिस्साच."

"हिस्साच."

"मंग इतके वर्ष काऊन नाई सांगितलं?"

"तू साटिनचा भाव सांगून राह्यली होती."

मी ज्या फंडात पैसे टाकत होते त्यातल्या कंपन्यांची नावं मी तुला छापून आणून दिली. तू चष्मा लावून, हातात टेलरचा खडू घेऊन, एकेक नाव वाचलंस आणि मला विचारत गेलीस की ही काय बनवते, ही काय विकते. एका नावापाशी खडू थांबला.

"हे दारूवाले?"

"हो."

"पुऱ्या गडचिरोलीत दारूबंदी, आन् तू मले दारूत हिस्सा देऊन राह्यली."

बँकांच्या नावांवरही फुल्या पडल्या, कारण त्या व्याजावर चालतात. शेवटी आपण असा फंड शोधला जो या दोन्ही गोष्टी वगळतो. त्यात कंपन्या कमी होत्या आणि त्याचा खर्च जरा जास्त होता. हे मी तुला सांगितलं. "चालते," तू म्हणालीस, "सस्तं कापड घेऊन मागाहून रंग उतरण्यापरीस बरं."

दर महिन्याला खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता मीच ठरवून दिला, कारण पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं. ऑगस्टमध्ये तुझ्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते. हप्ता परत गेला आणि बँकेने दंड कापला. पावसाळ्याच्या खात्याला तू हात लावला नव्हतास. तू बँकेची चिठ्ठी माझ्यासमोर ठेवलीस. "हे तुमच्या पगारवाल्यांसाठी हाय, प्रभा. ऑगस्टमध्ये वडशातला शिंपी हप्ता भरते का?"

मग तू तुझी पद्धत बसवलीस. डिसेंबर ते एप्रिल, हंगाम चालू असताना, पाच हप्ते स्वतः जाऊन भरायचे आणि बाकीचे सात महिने तिकडे बघायचंही नाही. नाटकाच्या हिश्श्यात पैसे टाकायचे तू बंद केले नाहीस, पण सनाचे पैसे तिथून काढलेस. नाटकात आता तेवढेच टाकायचीस जेवढे गेले तरी जेवणावर परिणाम होणार नाही. हप्त्याच्या दिवशी मी कधी विचारलं की आज भाव वर आहे का खाली, तर तू म्हणायचीस, "मले काय मालूम. आज हप्ता हाय." मी पुस्तकांतून जे शिकले होते ते तू न डगमगता करत होतीस, आणि मी मात्र दर आठवड्याला भाव बघून अस्वस्थ होत होते.

टाळेबंदीच्या साली तू माझ्याकडे आलीस, तोंडाला तूच शिवलेला मास्क बांधून. नाटकं बंद झाली होती आणि फंडाचा भावही कोसळला होता.

"हा दुसरा मांडव बी भिजला का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "कधी कधी सगळीकडे एकदम पाऊस येते."

तू अंगणात खुर्ची ओढून बसलीस. पैसे लागणार कधी आहेत, एवढंच मी विचारलं. तीन वर्षांनी, तू म्हणालीस. घरात पावसाळा आहे का? आहे, तू म्हणालीस. मग उठलीस आणि गेलीस. काही मोडलं नाहीस. पुढचा अख्खा हंगाम नाटकाविना गेला. तू शाळांचे गणवेश शिवलेस, दवाखान्याच्या चादरी शिवल्यास, आणि पाचांपैकी तीन हप्ते भरलेस. भाव पुढे सावरला. तो सावरेलच असं मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. तू न मोडता थांबू शकलीस ते पोस्टातल्या त्या खात्यामुळे. माझ्या सल्ल्याचा त्यात फार वाटा नव्हता.

सना बारावीला गेल्यावर मी तुला दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिथून आपला शेवटचा वाद सुरू झाला. जे पैसे दोन-तीन वर्षांत लागणार आहेत ते बाजारात ठेवू नयेत, सावकाश काढून बँकेत आणावेत. पहिल्या दोन वर्षांचे तू काढलेस. प्रवेशाच्या दिवशी तू चंद्रपूरला फी भरून आलीस आणि थेट माझ्याकडे येऊन पावती दाखवलीस. चहा पिऊन गेलीस. उरलेल्या दोन वर्षांच्या पैशांना मात्र तू हात लावू दिला नाहीस. यंदा होळीनंतर मी पुन्हा विषय काढला.

"तिसऱ्या वर्षाचे तरी काढ. जुलैत लागतीन."

"आत्ता भाव चांगला चढून राह्यला."

"म्हणूनच काढ."

"तू कोणत्याबी भावाले काढच म्हणते. चढला तरी काढ, पडला तर काढून घ्याले पायजे होतं. तुये पैसे असते तर फंडात गेलेच नसते."

"आन् पडला तर?"

"पडला तर चौथ्या वर्षापर्यंत चढन."

"आन् तिसऱ्याची फी?"

"पावसाळ्यातून भरीन."

"मंग खाशीन काय?"

तू हसलीस. "तुयाकडे जेवाले येईन. ईदले पाहू, बस." ईद आली. तू शीरखुर्म्याचा डबा घेऊन आलीस आणि दोघींनाही विषय काढायची आठवण झाली नाही. तो विषय पुढे मेमध्ये काढता आला असता.

आणखी एक वाद राहिला. तुमच्या घरात कमावणारी तू जास्त होतीस, म्हणून मी तुला विम्याचं सुचवलं होतं. साधा, कमी हप्त्याचा, काही झालं तरच पैसे देणारा. तू दोन कारणं दिलीस. एक तुझ्या धर्माचं, ते मी निमूट ऐकलं. दुसरं असं की, "मी मेल्यावर पैसे येतीन म्हणून आत्ता भरू? मले बघाले भेटणार हाय का?" या वादात माझं बरोबर होतं, असं आज हिशेबाने दाखवता येईल. मला ते दाखवायचं नाही.

सलीमभाऊ दाराशी उभे राहून गेले त्यानंतरच्या रविवारी मी तुझ्या दुकानात गेले. कापड बेतायच्या टेबलाभोवती सलीमभाऊ, सना आणि मी असे तिघं बसलो. तुझं मशीन झाकलेलं होतं. मी सलीमभाऊंना सगळं पहिल्यापासून सांगितलं, कुरखेड्याच्या पावसापासून. पाऊस त्यांना आठवत होता. त्याचा फंडाशी संबंध आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"भाव पडला तर?" त्यांनी विचारलं.

"पडू शकते, भाऊ."

"मंग मोडतोच."

"पावसाळा हाय ना घरात?"

"हाय. दिवाळीपर्यंतचा ठेवून गेली ती." त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. "मेमध्येच सगळा वेगळा काढून ठेवला होता."

"मंग मोडाची घाई भीतीनं होऊन राह्यली. भीतीनं काही करू नये, असं ती म्हणाची." खरं तर तू असं कधी म्हणाली नव्हतीस. तू तसं वागत होतीस.

फंडाच्या कागदांवर तू सनाचं नाव वारस म्हणून लावलेलं होतं. ती आता सज्ञान आहे. मृत्यूचा दाखला, तिचं ओळखपत्र आणि बँकेची माहिती दिल्यावर ते पैसे तिच्या नावावर होणार होते. त्याला पुढे काही आठवडे लागले. कॉलेजने तेवढी मुदत दिली. म्हणजे मोडायचं की ठेवायचं हे ठरवणं आता मुळात सलीमभाऊंच्या किंवा माझ्या हातात नव्हतं. हे मी बोलून दाखवलं तेव्हा सनाने पहिल्यांदा मान वर केली.

"मंग मी सांगू?"

"सांग," सलीमभाऊ म्हणाले.

"पण दुकान कोण पाह्यन ते आधी तुमी सांगा, अब्बा. दसऱ्यापासून मापं द्याले कंपनीवाले येतीन."

"मी पाह्यन. कापणं येते मले."

"तुमाले कापणं येते?"

"तुई अम्मी रागवाची, पण येते. शिवाले एक माणूस ठेवीन. तू तिकडं जा."

मग तिने पैशांचं सांगितलं. तिसऱ्या वर्षाचे पैसे पूर्ण काढायचे, कारण ते आत्ता लागतात. चौथ्याचे निम्मे काढून बँकेत ठेवायचे आणि निम्मे आहेत तिथेच राहू द्यायचे. मी म्हटलं, चौथ्याचेही सगळे काढ, एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे. ती म्हणाली, "मावशी, अम्मी म्हणे की तू लय डरते." मी म्हटलं, तुझी अम्मी माझ्याबद्दल बरंच काही म्हणायची. सलीमभाऊ तेव्हा हसले. तू गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुला सांगायचं राहून गेलं ते थोडं आहे. माझ्या म्हातारपणाची सोय आज बऱ्यापैकी आहे, आणि तिची सुरुवात तू खाली ओढलेल्या साटिनच्या ताग्यापासून झाली. हे मी कधी तोंडाने कबूल केलं नाही, कारण तू ते पुढच्या हंगामभर ऐकवलं असतंस. ऐकायला माझी हरकत नव्हती.

सना सोमवारी गोंदिया-बल्लारशा गाडीने चंद्रपूरला गेली. तिसऱ्या वर्षाची फी भरली आहे. दुकान सकाळी सलीमभाऊ उघडतात. चौथ्या वर्षाचे निम्मे पैसे बँकेत आहेत आणि निम्मे फंडात. त्या फंडातल्या निम्म्यांबद्दल सनाचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.